एकोणीस मिनिटांची हर्रासी

शिवकांतने सर्व्हरवरचा झेंडूचा हार काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला, कारण पाकळ्या पंख्यात शिरू लागल्या होत्या. कुंकू तेवढं राहू दिलं. बिघाड झाला की जो दिवा लाल होतो, नेमकं त्यालाच ते लागलं होतं. आता यंत्र बिघडलंय की पुजलंय, हे लांबून सांगता येत नव्हतं.

"काका, सुरू करू?" फोनवर अर्पिता होती. ही पुण्याच्या कंपनीची इंजिनिअर तीन आठवड्यांत तिसऱ्यांदा हेच विचारत होती.

"थांबा जरा. मुहूर्त अकरा बावीसचा हाय."

तिने काही विचारलं नाही. पहिल्या वेळी विचारलं होतं.

सेलूजवळच्या शिवयोगी खाजगी कापूस बाजारात जुनं यंत्र जाऊन नवं आलं होतं. जुन्या यंत्रात पहारेकरी म्हणून एक सॉफ्टवेअर बसवलेलं होतं. व्यापाऱ्यांच्या टॅबवरून येणारी प्रत्येक बोली त्याच्या नजरेखालून जायची. हा पहारेकरी चालू स्थितीतच, हर्रासी, म्हणजे लिलाव, न थांबवता, नव्या यंत्रात न्यायचा होता. रविवारी सगळं बंद करून हेच काम अर्ध्या तासात झालं असतं. पण 'चालू असताना हलवता येते' हे वाचूनच चेअरमन दिनकररावांनी ते सॉफ्टवेअर घेतलं होतं. शिवाय रविवारी अमावास्या होती.

"चालत्या गाडीचे बैल कुणी सोडतं का?" नारळ फोडून दिनकरराव म्हणाले. "घ्या चालू चालूच. आन् शिवकांत, अहवालात खंड शून्य यायला पाहिजे. दोन वाजेपर्यंत वर गेला न्हाई तर ऑनलाइनचा परवाना अडकतो."

ते केबिनमध्ये गेले. शिवकांतने कपाळावरचा घाम विभूती सांभाळून पुसला. निवृत्तीला चार महिने होते. सहा वर्षांपूर्वी हाच माणूस प्रोजेक्टर घेऊन पेडगावपासून चारठाण्यापर्यंत गावोगाव फिरला होता. आमच्या बाजारात रुमालाखाली हात धरून, बोटं दाबून भाव ठरणार नाही, बोली सगळ्यांना पडद्यावर दिसेल, असं त्याने पारावर उभं राहून सांगितलं होतं. नोकरीत एवढी एकच गोष्ट आपल्या हातून धड झाली, अशी त्याची समजूत होती. कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण जेवण झाल्यावर कधीकधी ती आठवून त्याला बरं वाटायचं.

अकरा बावीसला पहारेकरी हलला. सगळे नियम घेऊन नव्या यंत्रात आला, आणि आधी कुणाकुणाला आत सोडलंय हे साफ विसरला. त्याने सगळ्या व्यापाऱ्यांना बाहेर काढलं. मग हे यंत्र आपल्या ओळखीचं नाही म्हणून स्वतःचा परवानाही नव्याने मागू लागला.

"नियम आलेत काका. चालू जोडण्या नाही आल्या," अर्पिता म्हणाली.

"तुमच्या पत्रकात तर लिवलंय, चालू हलवता येतंय म्हणून."

"येतं ना. खाली तळटीप आहे, 'शिफारस केलेली नाही'."

"चेअरमन तळटीप वाचत न्हाईत, बाई. तिच्याखाली सही तेवढी करतेत."

एकोणीस मिनिटं गेली. पहारेकऱ्याचा नवा परवाना आला, जोडण्या पुन्हा लागल्या. त्या सगळ्या वेळात शिवकांत बाहेरच्या आरडाओरड्याची वाट बघत होता. तो झालाच नाही. खिडकीतून पाहिलं, तर टेम्पो आणि ट्रॉल्या रोजच्या चालीने पुढे सरकत होत्या. व्यापारी सरकी दाताखाली धरून बघत होते. मापाडी चहा पीत होता. हर्रासी बंद पडल्याची खबर हर्रासीलाच नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत त्याने नोंदी उघडल्या. अकरा बावीस ते अकरा एक्केचाळीस या वेळात एक्केचाळीस गाड्या विकल्या गेल्या होत्या. प्रत्येक गाडीपुढे तीन व्यापाऱ्यांच्या तीन बोल्या होत्या.

पावत्या करणारा नागेश भाकरी खात होता. शिवकांतने स्क्रीन त्याच्याकडे वळवला.

"लाइन बंद होती नागेश. ह्या बोल्या कुणी लावल्या?"

"मीच की." नागेशने घास गिळला. "लाइन आल्यावर चिठ्ठ्या बघून भरल्या. टाइम चिठ्ठीवरचा टाकला."

"तिन्ही बोल्या?"

"बाहेर भाव एकच ठरतो, साहेब. बाकीच्या दोन मी टाकायलो. तीन बोल्या असल्याबिगर मशीन सौदा घेतच न्हाई." मग जरा दुखावल्यासारखं म्हणाला, "तुमीच तर तसं करून ठिवलंय."

"आजच टाकल्या का?"

"रोज टाकायलो. सहा वर्षं झाले. कामून? काय चुकलं का?"

शिवकांतने त्याच्याकडे बघितलं. नागेशच्या चेहऱ्यावर लबाडी शोधून सापडली नसती. सहा वर्षं त्याने एक दिवस खाडा न करता, टापटीपपणे, गाडीमागे दोन हरणारे व्यापारी तयार केले होते.

"न्हाई," शिवकांत म्हणाला. "जेव तू."

तो टेबलाशी येऊन बसला. अहवालाचा कागद समोर होता. 'खंडित काळ, मिनिटांत', आणि पुढे रिकामी चौकट. त्याने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. केबिनमधून दिनकररावांचा आवाज आला, "झालं का?"

"करायलोय."

तेवढ्यात दारात कडूबाई आली. पेडगावची ही बाई हंगामात दर आठवड्याला कापूस घेऊन यायची. परभणीचा बाजार जवळ पडत असूनही सेलूची वाट धरायची, आणि शिवकांतला त्यात आपल्या प्रोजेक्टरचा हात दिसायचा. तिने पावती पुढे केली.

"आप्पा, एवढं वाचून द्या."

त्याने वाचलं. वेळ अकरा एकतीस. भाव वाईट नव्हता.

"मशीनीवरच ठरला नव्हं ह्यो?"

शिवकांतने पावतीची घडी घातली, परत उघडली. केबिनचं दार अर्धं उघडंच होतं.

"न्हाई मावशी," तो म्हणाला. "तवा मशीन बंद होती."

"ठाव हाय की. मी तिथंच हुते. रुमाल हिरवा हुता, त्याचा भोकाचा कोपराबी सांगते." तिने पदराने मान पुसली. "तुमी काय सांगताव ते बघायलते."

"कवापासून ठाव हाय?"

"पयल्या सालापासून. आमच्या समद्या बायांला ठाव हाय."

"मंग हितं कामून येताव?"

कडूबाईने विचार केला. प्रश्न तिला वावगा वाटला नाही.

"हितं काटा सरळ हाय. आन् बायांच्या संडासात पाणी ऱ्हातंय."

शिवकांतने मान हलवली. मग टोपण काढून चौकटीत एकोणीस लिहिलं आणि त्यापुढे 'या काळातील सौदे: एक्केचाळीस' असं लिहिलं. आकडे शेजारी शेजारी ठेवल्यावर आणखी काही लिहायची गरज नव्हती.

"ह्या पावतीचं काय काम लागतंय का?" कडूबाईने विचारलं.

"जोडावी लागंल. पण तुमाला लागती."

"मंग झेरॉक्स काढा की."

"मावशी, तुमचं नाव हाय हिच्यावर."

"असू द्या. कापूसबी माझाच हुता."

तो उठला. झेरॉक्सचं मशीन तापायला वेळ घेत होतं. नंतर त्याने नागेशच्या टेबलावरून पावत्यांच्या स्थळप्रतींचा गठ्ठा उचलला. पहिली प्रत निघाली, तशी केबिनमधली खुर्ची करकरली.

"काय काढायलाव, शिवकांत?"

"पावत्या."

"किती?"

"एक्केचाळीस," शिवकांत म्हणाला. "एकेकच काढायलोय."

कडूबाई बाकावर टेकली. गाडीवाला बाहेर हॉर्न वाजवत होता, पण ती उठली नाही.