तोमीफोनची जोडी

"हे आयकत नाई, भाऊ. बोलते, पण आयकत नाई," असं म्हणत बेबीताईंनी काउंटरवर कापडी पिशवी ठेवली.

"माणसात असे लय असतात," मामाजी म्हणाले. "मशीनचं पायतो."

मामाजी म्हणजे माझे सासरे, शालिकराम. इतवाऱ्यामागच्या आमच्या गल्लीत पंचेचाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त करणारे. दुकान एक, पाटी एक, नावं दोन. वर मोठ्या अक्षरात 'शालिकराम रेडिओज', खाली लहान अक्षरात 'साधना मोबाईल', म्हणजे मी. नाव त्यांचं मोठं आणि गिऱ्हाईक माझं जास्त, हे मी त्यांना दिवसातून एकदा तरी ऐकवते. ते कान नसल्यासारखे बसतात.

बेबीताई तिवशाच्या पलीकडून एस.टी.नं आल्या होत्या. नवरात्राची सातवी माळ होती. अंबादेवीच्या यात्रेतून वाट काढता काढता त्यांच्या नऊवारीचा पदर चुरगळून गेला होता. पिशवीतून त्यांनी दोन वॉकीटॉकी काढले. विटेएवढे, काळे, वर ओढून लांब होणारी स्टीलची काडी. बाजूला बोलायचं बटण आणि त्याखाली एक लाल बटण. लाल दाबलं की बोलावं लागत नाही, पलीकडच्या संचात नुसतं 'पी' वाजतं. पुढे इंग्रजीत नाव होतं, तोमीफोन. मागे लिहिलं होतं, जपान.

मला ते पाहूनच ओळखीचे वाटले. आमच्या वरच्या स्वयंपाकघरात, मिठाच्या डब्याशेजारी, तसाच एक उभा असतो.

त्र्याऐंशी साली मामाजींनी मुंबईहून एकाच खेपेत अशा दोन जोड्या आणल्या होत्या. एक बेबीताईंच्या यजमानांना, भगवंतरावांना विकली. दुसरी घरातच राहिली. एक संच खाली मामाजींच्या टेबलावर, दुसरा वर माझ्या सासूबाईंजवळ, म्हणजे आत्याबाईंजवळ. रोज एक वाजता मामाजी लाल बटण दोनदा दाबायचे आणि वर मनकर्णा आत्याबाई तव्यावर पोळी टाकायच्या. मामाजी जिना चढून हात धुऊन बसेपर्यंत पोळी फुगलेली. आत्याबाईंना जाऊन तीन वर्षं झाली. आता 'पी पी' वाजलं की पोळी मी टाकते. दर महिन्याच्या एक तारखेला मामाजी स्वतः वर येऊन त्या संचाचे सेल बदलतात. एरवी ते स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत.

"कसा पडला?" मामाजींनी विचारलं.

"वावरात. झेंडू तोडून राहिली होती, कमरेचा सुटला अन् विहिरीच्या फाडीच्या दगडावर आपटला."

"भगवंतराव कसे आहेत?"

"हाये तसेच. उजवा हात गेला, बोलनं गेलं. डाव्या अंगठ्यानं हे लाल तेवढं दाबतेत. एक डाव वाजलं का पानी, दोन डाव म्हंजे लवकर ये. मी नाल्याच्या इकडं वावरात, ते तिकडं घरी." त्यांनी पदर सारखा केला. "दसरा तीन दिवसांवर आला. सगळा झेंडू झाडावर उभा हाये. हे आयकलं नाई तर मले वावरात पाय ठेवता येत नाई, भाऊ."

मी माझा शहाणपणा केला. म्हटलं, "बेबीताई, मोबाईल द्या ना त्यांना. नाहीतर नवीन वॉकीटॉकी मिळतात, मी मागवून देते."

"दिला होता वं पोरी, मोबाईल. नुसते पायत बसतेत. जुनं तेवढं याद हाये त्याईले. लगन झाल्यापासून हेच बटन दाबत आले, अंगठा आपसूक जाते तिथं. नवीन शिकाचे दिवस गेले."

माझ्या दुकानात शंभर वस्तू लटकल्या होत्या आणि त्यांतली एकही या बाईच्या कामाची नव्हती.

मामाजींनी संच उघडला. डोळ्यांवर भिंग चढवून अर्धा तास ते त्यात वाकून होते. मग चिमट्यात धरून त्यांनी नखाएवढी पत्र्याची डबी बाहेर काढली आणि कानाशी हलवली. आत बारीक खुळखुळ वाजली.

"क्रिस्टल फुटलं," ते म्हणाले. "आत गारगोटीचा पापुद्रा असते. आयकाचा वेगळा, बोलाचा वेगळा. आयकाचा गेला."

"नवा भेटन?"

"या मापाचा आता कोनी बनवत नाई."

बंद पडलेला संच बेबीताईंनी ओढून जवळ घेतला आणि काचेवरची धूळ पुसावी तसा तळव्यानं पुसला.

मामाजी उठले आणि जिन्याकडे गेले. तारीख एक नव्हती. ते खाली आले तेव्हा त्यांच्या हातात मिठाच्या डब्याशेजारचा संच होता.

मला एकदम समजलं. मी घाईनं म्हणाले, "मामाजी, क्रिस्टल काढायचंच तर तुमच्या खालच्या संचातलं काढा ना. वरचा राहू द्या."

"खालच्याचं काढलं तरी चालते," ते स्क्रू फिरवत म्हणाले. "पन खालच्यानं कधी आयकलं काय? तो नुसता वाजवाचा. आयकाचं काम तिचंच होतं."

झाकण निघालं. आत कडेकडेनं हळदीची पिवळी पूड बसली होती, चाळीस वर्षांच्या फोडण्यांची. त्यांनी ब्रश उचलला, आणि न झाडताच परत ठेवला. मी उगाच मोबाईलची कव्हरं नीट लावत बसले.

त्यातली डबी बेबीताईंच्या संचात बसवून, कथलाचा डाग देऊन झाल्यावर त्यांनी तो संच बेबीताईंना दिला. "चौकातल्या लिंबाखाली जाऊन उभ्या राहा. मी इथून वाजवतो."

बेबीताई गर्दीतून लिंबापर्यंत पोचल्या. मामाजींनी बेबीताईंच्याच जोडीतला दुसरा संच उचलला, काडी ओढली आणि लाल बटण दाबलं. दोनदा.

लिंबाखाली बेबीताई दचकल्या आणि सरळ धावत सुटल्या. पातळ एका हातात धरून, यात्रेतल्या बायांना बाजूला सारत, चप्पल निघाली तिचंही भान नाही. दुकानाच्या पायरीवर येऊन त्या धापा टाकत उभ्या राहिल्या. समोर नवरा नाही, मामाजी आहेत, हे ध्यानात यायला त्यांना दोन क्षण लागले.

"दोन डाव कावून वाजवलं, भाऊ?" त्या रडवेल्या हसल्या. "माह्या जीवात जीव नाई राहिला."

"सवय आहे," मामाजी म्हणाले. "चुकलं माह्यं."

मी जाऊन त्यांची चप्पल आणून दिली. दसऱ्याची फुलं विकत घेऊ नका, असं बजावून त्या एस.टी.साठी निघाल्या. रिकामा झालेला संच मामाजींनी स्क्रू लावून बंद केला आणि वर नेऊन होता तिथे ठेवला.

एक वाजत आला तशी मी वर गेले, कणीक मळली, तवा ठेवला. चटणी हवी का विचारावं म्हणून जिन्याच्या वळणापर्यंत आले आणि तिथेच थांबले. खाली मामाजींनी घड्याळ पाहिलं. आपला संच उचलला, काडी पूर्ण ओढली, लाल बटण दोनदा दाबलं. मग काडी मिटवून तो जागेवर ठेवला आणि टेबलावरचा दिवा बंद केला.

वर काही वाजलं नाही. मी परत आत गेले आणि तव्यावर पोळी टाकली.

ते हात धुऊन पाटावर बसले तेव्हा पोळी फुगली होती.

"आयकू आलं?" त्यांनी विचारलं.

"आलं, मामाजी."

त्यांनी ताट जवळ ओढलं.