हार्टोग स्पियरची हाक

हिरा घासायच्या चाकाला टेकला की आवाज करतोच. नीट अंगाने लागला तर फुसफुसतो, उलट्या अंगाने लागला तर किंचाळतो. मुझफ्फर परकार दापोलीहून मुंबईला जाऊन हे काम शिकला आणि आता कुवेत सिटीत एका सराफाच्या वर्कशॉपमध्ये टवके उडालेले जुने हिरे घासून देत होता. मुका हिरा त्याने आजवर पाहिला नव्हता.

तो आणला हानेका नावाच्या डच बाईने. ती इथल्या एका शाळेत शिकवायची. आजीची अंगठी होती, हिऱ्याच्या कडेचा टवका गेलेला. मुलीच्या लग्नात द्यायची म्हणून नीट करून हवी होती.

"हा माझ्या आजोबांनी स्वतः घासलाय," ती म्हणाली. मग दाराकडे बघून तिने आवाज उतरवला. "इथे मी कुणाला सांगत नाही, पण ते ज्यू होते."

हार्टोग स्पियर त्यांचं नाव. ॲमस्टरडॅमच्या हिऱ्यांच्या कारखान्यात ते पोरवयापासून चाकावर बसले. शेजारच्याचा दगड उलटा लागला तर मान न वळवता सांगायचे. संध्याकाळी कामगारांच्या गायनमंडळात गायचे. पुढे जर्मन आले आणि गल्लीतली घरं एकेक करून रिकामी व्हायला लागली. हिरे घासणाऱ्यांना तेवढं मागे ठेवलं, कारण जर्मनांना हिरे हवे होते. पण ही सवलत कधी जाईल याचा भरवसा नव्हता. बायकोला दिवस गेले तेव्हा दोघांनी ते लपवलं. मूल माळ्यावर जन्मलं, कुठेही नोंद केली नाही. थोड्याच दिवसांत ती मुलगी आणि ही अंगठी त्यांनी एका ख्रिस्ती दूधवाल्याच्या घरी पोचवली.

"दूधवाल्यानं मुलीचं नाव विचारलंच नाही," हानेका म्हणाली. "जे माहीत नाही ते मार खाऊनही तोंडातून निघत नाही. त्यांनी तिला टिनी म्हणायला सुरुवात केली. ती माझी आई."

"आणि आजोबा?"

"दोघांना नेलं. एका छावणीत हिऱ्यांचा कारखाना काढणार म्हणून ठेवलं, तो कधी निघालाच नाही. मग हिवाळ्यात पुरुषांना वेगळं करून दुसऱ्या छावणीत धाडलं. आजोबांना तिथे मारलं. आजीही परत आली नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर धुळीचं वादळ होतं, खिडक्या पिवळ्या पडल्या होत्या. मुझफ्फरने हिरा चाकाला टेकवला. काहीच आवाज नाही. त्याने जोर दिला, अंग बदललं, पुन्हा टेकवला. भिंगातून पाहिलं तर दगडावर चाकाचा ओरखडासुद्धा नव्हता.

त्याने मोटर बंद केली. चाक मंदावलं, थांबलं. आणि मग आवाज आला.

काम करता करता माणूस तोंड मिटून गुणगुणतो तसा. तो थांबलेल्या चाकातून येत होता. हळूहळू त्या सुराला तोंड फुटलं आणि एक शब्द आला, पुन्हा पुन्हा, अंगणातल्या लेकराला घरात बोलवावं तसा. मुझफ्फरने चाकावर तळवा ठेवला. घर्षणाने तापलेलं असायला हवं होतं. ते बर्फासारखं गार होतं.

घरी त्याने न घासल्या जाणाऱ्या दगडाचं सांगितलं, हाकेचं नाही. जेवताना मात्र त्याची लेक इक्रा त्याच्याकडे टक लावून बघत होती. "अब्बा, हू इज रोझेट?"

"कोण?"

"आल्यापासून हाका मारताय तिला," बायको बिल्कीस म्हणाली. तिने कुराणातली आयतुल कुर्सी पढून त्याच्यावर फुंकर घातली. "उद्या तो दगड परत करा. असलं काही घरात नको."

"बाप आहे गं तो कुणाचा तरी," मुझफ्फर म्हणाला, आणि हे आपण का म्हणालो ते त्यालाही कळलं नाही.

हानेका आली तेव्हा त्याने सरळ विचारलं, "रोझेट कोण?"

"अशी कुणीच नाही आमच्यात," ती म्हणाली. मग एकदम स्टुलावर बसली. "आईचं खरं नाव आम्हाला कुठे माहीत आहे!" तिने हॉलंडमधल्या हार्लेमच्या वृद्धाश्रमात आईला व्हिडिओ कॉल लावला. ऐंशी ओलांडलेली एक म्हातारी खिडकीशी बसलेली दिसली. हानेकाने फोन मुझफ्फरसमोर धरला. तो पुढे वाकला आणि त्याने ऐकली होती तशीच, त्याच सुरात हाक मारली.

"रोझेट!"

म्हातारीने मान वर केली. तिने फोनकडे पाहिलं नाही. तिची नजर मुझफ्फरच्या खांद्यामागे कुठेतरी होती. "या, पापा," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली.

मुझफ्फरला ते मराठीच वाटलं. बापाला आत बोलावतेय, असं.

"हो म्हणाली ती," हानेका पुटपुटली. "आमच्यात 'या' म्हणजे हो."

त्याच्या पाठीमागे, मोटर बंद असलेलं चाक अर्धा फेरा फिरलं आणि थांबलं.

त्या दुपारी हिरा इतर कुठल्याही हिऱ्यासारखा फुसफुसत घासला गेला. अंगठी लग्नाला गेली.

काही आठवड्यांनी हानेकाचा हार्लेमहून फोन आला. आवाज दबलेला होता.

"आई आता टिनी म्हटलं की वळत नाही. मलाही ओळखत नाही. खोलीचं दार उघडं ठेवायला लावते. म्हणते, पापा जिना चढताहेत. मुझफ्फर, काल तिथल्या नर्सलाही पावलं ऐकू आली."