सहा पेल्यांची चाचणी

वाइन पिणाऱ्यांपेक्षा वाइनविषयी बोलणारे मला अधिक असह्य होतात, आणि आमचे जावई या दुसऱ्या वर्गातले. विमा कंपनीतली चांगली नोकरी सांभाळून त्यांनी चाखण्याचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम पुरा केला. तंत्रनिकेतनात नुसती कानस सरळ धरायला मला एक वर्ष लागले होते. यांची जीभ दीड महिन्यात तयार झाली.

एवढ्यावर भागते तर मी कानाडोळा केला असता. परंतु लोकांना बसवून वाइन चाखायला देण्यासाठी त्यांना जागा हवी होती, आणि मुलीचा डोळा तळमजल्यावरच्या माझ्या वर्कशॉपवर होता. निवृत्तीनंतरचा माझा सगळा दिवस तिथे, लेथपाशी जातो. ती खोली गेली तर मी वरच्या मजल्यावर खिडकीत बसून येणारीजाणारी वाहने मोजावीत, एवढेच उरते.

"बाबा, दिवसभर खाली करता तरी काय तुम्ही?" मुलीने विचारले.

"शेजारच्यांची कुलपं दुरुस्त करतो."

"हल्ली लोक कुलपं फेकून नवी घेतात हो."

नाही म्हणायचे, तर कारण द्यावे लागते. म्हणून मी अट घातली. डोळे बांधून, लाल कोणती आणि पांढरी कोणती एवढेच, सहापैकी पाच वेळा ओळखावे. ओळखले तर खोली त्यांची. नाही तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. जावयांनी हसत हसत मान्य केले.

ज्याची चाचणी घ्यायची तो पदार्थ परीक्षकाला ठाऊक असावा लागतो. तीन लाल आणि तीन पांढऱ्या बाटल्या आणून मी आठवडाभर संध्याकाळी अर्धा अर्धा पेला घेतला व निरीक्षणे लिहून ठेवली. पहिली लाल: वास भिजलेल्या पुठ्ठ्याचा, जिभेवर तुरटीचा खडा फिरवल्यासारखे. दुसरी लाल: पहिलीसारखीच, किंमत दुप्पट. तिसरी लाल: बाटलीवर 'मखमली' असे छापलेले, मखमल मी चाखलेली नाही, त्यामुळे मत नाही. पांढरी म्हणतात ती मुळात पांढरी नसतेच. रंग बॅटरीतल्या शिळ्या पाण्याचा आणि चव लिंबू पिळायचे राहून गेलेल्या सरबताची. सहाव्या बाटलीबद्दल मी फक्त 'ओले' असे लिहिले.

"चेहरा असा करायचा तर पिता कशाला?" बायकोने विचारले.

"अभ्यास आहे हा."

"जावई निवडताना एवढा अभ्यास केला नव्हतात."

रविवारी सकाळी अकराला चाचणी झाली. थंडपणावरून अंदाज बांधता येऊ नये म्हणून साऱ्या बाटल्या पाण्यात ठेवून चौदा अंशांवर आणल्या होत्या. काचेचा आकार काही सुचवू नये म्हणून स्टीलचे सहा सारखे पेले घेतले. जावयांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला. मी पडद्याआड ओतत होतो, बायको पेला हातात देत होती आणि मुलगी उत्तरे टिपत होती.

"बाबा, लाल एवढी गार?" जावयांनी पहिल्याच घोटाला कुरकुर केली.

"म्हणजे लाल, असंच ना, जावईबापू? पुढचा."

पहिला बरोबर, दुसरा बरोबर. तिसऱ्याला 'मखमली'ला ते पांढरी म्हणाले, आणि मला मनातून उकळ्या फुटल्या. चौथा पेला त्यांनी नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

"पांढरी आहे. पण यात रॉकेल आहे."

"तुमच्या त्या अभ्यासक्रमात रॉकेलही येतं वाटतं?"

"येतं. काही पांढऱ्या वाइनना तसा वास असतो, त्याचं कौतुकही करतात. पण हा तो नाही. हा बाहेरून आलाय."

मी पेला घेऊन हुंगला. मला कसलाही वास आला नाही. बायकोलाही नाही. पाचवा त्यांनी बरोबर ओळखला, सहावा चुकला. मुलीने कागद खाली ठेवला.

"चार," ती म्हणाली. "संपलं."

"ठरलं ते ठरलं," जावई टॉवेल सोडत म्हणाले. "खोली तुमची, बाबा."

मी जिंकलो होतो आणि उगाच पेले पुसत उभा होतो. घरात सारखे पेले पाचच निघाले होते. सहावा मी वर्कशॉपमधून आणला होता. त्यात मी वर्षानुवर्षे बेअरिंग रॉकेलमध्ये भिजवत आलो आहे. साबणाने तीनदा धुऊन, वर उकळते पाणी ओतून मी तो स्वच्छ ठरवला होता, आणि हे कोणालाही सांगण्याची गरज मला वाटली नव्हती. नोकरीत असताना मळक्या मापकाने तपासलेला माल मी लॉटच्या लॉट परत पाठवत असे. समोरच्याची गय करत नसे.

"चाचणी रद्द," मी म्हणालो, आणि कारण सांगितले.

बायको पदर तोंडाला लावून हसू लागली. "जावयाला रॉकेल पाजलंत!"

"आणि त्यानंतरचे दोन पेले त्याच तोंडाने ओळखायला लावलेत," मुलगी म्हणाली. "परत घ्या. आज नाही, पुढच्या रविवारी."

"परत घ्यायची गरज नाही. धुतलेल्या पेल्यातलं ज्याला कळतं, त्याला लाल-पांढरं काय विचारायचं? खोली घ्या." एवढे बोलून मी वर्कशॉपची किल्ली उचलली.

आम्ही चौघे खाली गेलो. मी दार उघडले. जावई उंबऱ्यातच थांबले. त्यांनी एकदा श्वास घेतला, मग भिंतीपाशी जाऊन पुन्हा घेतला.

"कपाटं कुठे लावायची?" मुलगी विचारत होती.

"इथे नाही जमायचं," ते तिला म्हणाले. "रॉकेल, कटिंग ऑइल, ग्रीस. प्लास्टरमध्ये मुरलंय. इथे ओतलेली प्रत्येक वाइन तो चौथा पेला होईल."

"रंग दिला तर?"

"रंगाने नाही जायचं. दुसरी जागा बघू."

"रोज झाडतो मी ही खोली," मी म्हणालो.

"दिसतंय ना, बाबा," ते म्हणाले. अगदी अदबीने.

ते सगळे वर गेले. खोली माझी राहिली. दीड महिन्यात तयार झालेल्या त्या नाकाने नाकारली म्हणून राहिली. वाइनविषयीचे माझे मत यत्किंचितही बदललेले नाही. मी दार लोटून घेतले, चष्मा काढला आणि भिंतीला नाक लावून दीर्घ श्वास घेतला. दोनदा घेतला. कसलाही वास आला नाही.