पायाचे केस

जुरांदिरला एका जागी बसवत नव्हतं. प्रयोगशाळेच्या बाकावर टेकायचा, उठायचा, पाण्याच्या मशीनपर्यंत जायचा आणि पाणी न पिताच परत यायचा. शेवटी ओदेतेनं नवऱ्याची बाही धरून त्याला खाली ओढलं.

"गप बस की! लोकांना वाटेल आत्ताच गोळी गिळून आलायस."

"हळू बोल गं."

"का म्हणून? आठ महिने झाले सोडून. सगळ्या गल्लीला सांगितलंय मी."

सांगितलं होतं खरं, तेच तर दुखणं होतं. ट्रकवर जागं राहण्याच्या गोळ्या आपण फेब्रुवारीत, कार्निव्हलच्या सणाला सोडल्या, अशी थाप त्यानं तिला मारली होती. सुटल्या त्या जूनमध्ये, भरदुपारी सरळ रस्ता वाकडा दिसू लागला तेव्हा. त्यानंतर मात्र एकही नाही, देवाशपथ. म्हणजे चारच महिने.

तरी परवान्यासाठी करायच्या केसांच्या चाचणीची त्याला धास्ती नव्हती. केसांत तीन महिन्यांपलीकडचं सापडत नाही, हे रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ असतं. फक्त शुक्रवारच्या आत चाचणीत पास झाल्याचा कागद हातात पडायला हवा होता, नाहीतर मालक ट्रक दुसऱ्याला देणार होता. बावीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसानं मग करायचं काय?

आतून झुलेयदे बाईंनी हाक मारली. केस कापून पाकिटात भरायचं काम त्यांचं.

"टोपी काढा, दादा."

त्यानं टोपी काढली. खाली तुळतुळीत गोटा.

"अगं बाई! केस कुठं गेले?"

"आपारेसिदा मातेला वाहिले, रविवारी. बायकोचा नवस होता."

"हल्ली दर आठवड्याला दोन-तीन गोटे येतात माझ्याकडं. सगळे ड्रायव्हर एकदम भाविक झालेत!"

"माझा नवस खरा आहे हो."

"असेल. मग पायाचे द्या."

तो खुशाल विजार वर करू लागला. बाईंनी कागद पुढं सरकवला. "आधी हे वाचा. पायाचे केस सहा महिन्यांचं सांगतात."

त्याचा हात तिथंच थांबला. सहा महिने म्हणजे एप्रिल. एप्रिलमध्ये तो मूठमूठ गोळ्या खात होता. डोक्यावरचे चांगले, स्वच्छ केस मातेला देऊन बसला आणि हे असले पाय घेऊन इथं आला! त्याला स्वतःचीच चीड आली.

"नाही दिले तर?"

"जबरदस्ती नाही. डोक्यावर वाढले की या, तीन-चार महिन्यांनी."

"आणि दिले, अन् त्यात सापडलं तर?"

"तीन महिने गाडी बंद."

तो बाहेर आला. दारापर्यंत गेला, वळला, पुन्हा दारापर्यंत गेला.

"झालं?" ओदेतेनं विचारलं.

"डोक्यावर केस नाहीत ना. नंतर या म्हणाल्या."

"मग पायाचे दे की! माकडासारखे तर आहेत."

तोंडात आणखी एक थाप तयार होती. पण ओदेते पिशवी घेऊन उठली, तेव्हा तिच्या गुडघ्यांवरच्या खपल्या त्याला दिसल्या. आपारेसिदा मातेच्या देवळाकडं जाणाऱ्या लांबलचक पुलावर ती गुडघ्यांवर चालली होती, त्याच्यासाठी. त्याला लाज वाटली.

"आठ नाहीत, ओदेते. चारच झालेत."

ओदेतेनं पिशवी परत बाकावर ठेवली.

"मातेसमोर मी मोठ्यानं आठ म्हणाले, जुरा. आणि तू शेजारी उभा राहून मुंडी हलवत होतास!"

तो बाकावर टेकला आणि लगेच उठला.

"पायाचे दिले तर ट्रक जाईल," तो म्हणाला.

"न देता राहणार आहे का?"

तेवढ्यात झुलेयदे बाईंनी दार उघडलं. "दादा, देताय का? देणार असाल तर साक्षीदार लागेल एक. आमची मदतनीस पोरगी जेवायला गेलीय."

"मी आहे," ओदेते म्हणाली, आणि त्याच्याआधी आत गेली.

खुर्चीवर बसून त्यानं विजार गुडघ्यापर्यंत वर केली. ओदेतेनं साक्षीदाराच्या जागी सही ठोकली, मग कागदावर बोट फिरवत एका रिकाम्या रकान्यापाशी थांबली. गेल्या सहा महिन्यांत काय काय घेतलं, ते तिथं लिहायचं होतं. तिनं पेन त्याच्या हातात कोंबलं.

"लिही. आणि या वेळी महिने नीट मोज."