गुरुवारच्या प्लेटा

हे घडलं १९७३ साली. पिंपरीच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी सहायक होते. स्ट्रेप्टोमायसिन देणारे जिवाणू सुधारायचं आमचं काम. सुधारायचं म्हणजे आधी बिघडवायचं. जिवाणू पाण्यात कालवून अतिनील दिव्याखाली धरायचे. किरणांनी त्यांच्या डीएनएचा धागा जागोजागी बिघडे आणि बहुतेक मरत. तगलेल्यांतला एखादा बदललेला निघे, जास्त औषध देई. त्या एखाद्यासाठी सगळा खटाटोप.

बिल्किस तिथे हंगामी लागली होती. पिंपळे गुरवच्या बरकत मेकॅनिकची थोरली, नुकतीच बीएस्सी झालेली. ती कायम झाली तरच धाकट्या हसीनाला कॉलेजात घालायचं, असं बरकतभाईंनी ठरवलं होतं.

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्याला सुट्टी गुरुवारची, कारण त्या दिवशी वीज बंद. औषध बनवणाऱ्या टाक्यांतल्या जिवाणूंना मात्र सुट्टी कसली! जनरेटर चाले, कायम माणसं घरी बसत आणि हंगामींनी कामावर यायचं.

दिव्याखालून काढलेले जिवाणू काचेच्या प्लेटांत खाद्यावर पसरायचे; जो तगला, त्याचा काही दिवसांनी एक पांढरा ठिपका उगवे. ते ठिपके मोजायला मी. इतर दिवसांच्या प्लेटांवर तुरळक ठिपके असत. बिल्किसच्या गुरुवारच्या प्लेटा चुना फासल्यासारख्या पांढऱ्या.

आमचे शितोळेसाहेब भडकले. "बाई, दिवा लावता की नुसत्या त्याच्याकडे बघत बसता?"

"घड्याळ लावून धरते, साहेब. कसम से."

"मग मरत का नाहीत?"

जनरेटर बघणारे मारुतराव दारातून म्हणाले, "सुट्टीच्या दिशी कोन मरतंय, साहेब? त्यास्नी बी गुरुवार पाळायचा असंल."

सगळे हसले. बिल्किस सोडून. महिनाअखेर साहेब तिच्या कामाचा अहवाल पाठवणार होते, आणि तो कसा असेल हे तिला दिसत होतं. जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडला नाही.

"ताई, कामचोरी केली असती तर कबूल केली असती. ते मरतच नाहीत, त्याला मी काय करू?"

मी साहेबांकडे गेले. "एकदा गुरुवारी तुम्हीच करून बघा ना."

"माझ्या सुट्टीत?" ते कुरकुरले. पण आले, आणि साक्षीला मलाही बोलावलं.

साहेबांनी स्वतःच्या हातांनी जिवाणू दिव्याखाली धरले, वेळ भरली तसा दिवा बंद केला. खोलीत गुडुप अंधार. जनरेटरवर टाक्या आणि तो दिवा एवढंच चाले. एरवी काम ज्या लाल बल्बवर व्हायचं, तो बंद. साहेबांचं कोपर टेबलावर आपटलं.

"अरे, काही दिसत नाही इथं!" म्हणत त्यांनीच खिडकीचा काळा पडदा सारला. काचेतून ऊन टेबलावर आलं. त्या उजेडात त्यांनी निवांत प्लेटा भरल्या.

"आम्हीपण असंच करतो, साहेब," बिल्किस म्हणाली.

"मग काय, अंधारात चाचपडणार?"

काही दिवसांनी साहेबांच्याही प्लेटा पांढऱ्याफटक निघाल्या.

"साहेबांनी बी दिवा लावला न्हाई वाटतं," मारुतराव म्हणाले.

साहेबांनी कपाळावर हात मारला. "पडदा!"

दिव्याने बाहेरून बघणाऱ्यांचे डोळे जाऊ नयेत म्हणून तो पडदा, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. साहेब म्हणाले, या जिवाणूंत एक एंझाइम असतं. धागा बिघडला तिथे ते जाऊन बसतं, आणि उजेड पडला की त्याच्या जोरावर धागा पुन्हा नीट करतं; लाल उजेड मात्र त्याला चालत नाही. "कॉलेजात शिकलो होतो. पडदा मीच लावायला सांगितला, आणि कशासाठी ते मीच विसरलो."

पुढच्या गुरुवारी पडदा न सारता अंधारातच चाचपडत प्लेटा भरल्या; निम्म्या काळ्या कागदात गुंडाळल्या, निम्म्या उन्हात ठेवल्या. गुंडाळलेल्यांवर तुरळक ठिपके, उन्हातल्या गच्च.

बिल्किस हरखून बघत राहिली. "म्हणजे ते दुरुस्त होत होते! आमच्या अब्बांच्या गॅरेजसारखं."

साहेबांनी अहवालात आपली चूक लिहिली. दिवाळीनंतर बिल्किस कायम झाली.

शितोळेसाहेब निवृत्तीनंतर साताऱ्याला गेले. तिथेही ही फजिती ते हौसेने सांगत. मारुतरावांनी पुनावळ्यात पुन्हा शेती धरली आणि पिकल्या वयात गेले. बरकतभाईंचं गॅरेज त्यांचा पुतण्या वजीर चालवू लागला. बिल्किस आमच्या विभागाची प्रमुख होऊन निवृत्त झाली. हसीना कॉलेजात गेली, पुढे भोसरीच्या शाळेत विज्ञान शिकवू लागली. मी आता मुलाकडे तळवड्याला असते. हसीनाची नात जिवाणूंवरच संशोधन करते. परवा फोनवर तासभर माझं डोकं खाल्लं तिने. मला निम्मंच कळलं, पण फोन ठेवावासा वाटेना.