चंद्रीचा पान्हा

निपाणीहून भाच्याचा, प्रबोधचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा सिंगापुरात सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये सकाळचे साडेआठ वाजले होते. धाकटी बहीण नीलिमा जाऊन दोन दिवस झाले, तरी सरोजिनीबाईंच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. पासपोर्ट नूतनीकरणाला गेलेला, त्यामुळे जाणंही झालं नाही. मोकळं रडून घ्या, असं सून म्हणाली. रडू काय नळ सोडल्यासारखं येतं?

प्रबोधनं फोन गोठ्यात धरला होता. "आत्ती, चंद्रीनं दोन दिवस धार दिली नाही. कास दगडासारखी झालीया. अशानं म्हस हातची जाईल. ती नीलाआत्तीच्या हाकेलाच पान्हा सोडायची. तुमचा आवाज तिच्यासारखाच हाय. एकदा हाक मारा."

सरोजिनीबाई फोनमधल्या गोठ्याकडे बघू लागल्या. वडिलांचं कुरण ओढ्यापर्यंत होतं, ओढ्यापलीकडे महाराष्ट्र. पाट्या मराठीत की कानडीत यावरून गावात डोकी फुटत. म्हशी मात्र दोन्ही राज्यांचं गवत खाऊन एकाच गोठ्यात दूध देत. दिवस कलला की दोघी बहिणी काठावर उभ्या राहून हाका घालत. पुढे सरोजिनीबाईंचं लग्न झालं, पुणं झालं, मग मुलापाठोपाठ सिंगापूर. इथल्या मंडळींना त्या 'आमची डेअरी होती' असं सांगत, शेणाचं नाव काढत नसत. नीलिमा मात्र त्या गोठ्यापायी बिनलग्नाची राहिली. दर दिवाळीला ती बोलवायची आणि सरोजिनीबाई 'पुढच्या वर्षी' म्हणायच्या. त्याची आता मनस्वी लाज वाटत होती.

नात वल्लरीनं फोन धरला. पहिली हाक त्यांनी शेजारी ऐकू जाऊ नये अशी हळूच मारली. मोठ्यानं मारा, असं प्रबोध म्हणाला. मग त्यांनी पदर खोचला आणि बेंबीच्या देठापासून हाक घातली, "हॉ गं चंद्रे, हॉ माझे बाय, ये!" शेजारच्या चिनी आजी दार उघडून बघू लागल्या. बघेनात का!

चंद्रीनं कान टवकारले, मान वळवून गोठ्याच्या दाराकडे पाहिलं. थोड्या वेळानं बादलीत धारेचा आवाज आला. सरोजिनीबाई हाका मारतच राहिल्या. चंद्री दारावरची नजर काढत नव्हती.

बादली भरली. पुरे झालं आत्ती, थांबा आता, असं प्रबोध म्हणाला.

"थांबले की तिला कळेल रे, नीला गेली ते."

त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, पण या वेळी चंद्रीचं नाव आलंच नाही. "नीले," त्या म्हणाल्या, "नीले, ये गं," आणि मग त्यांना रडू आवरेना.