अमावस्येला उघडा असलेला बाजार

मित्रांनो, क्षणभर कल्पना करा. तुम्ही भर उन्हात पळत दुसऱ्या गावी जाता, निरोप आणता, धापा टाकत सांगता. समोरचा माणूस पाणीसुद्धा न विचारता म्हणतो, पुन्हा जाऊन ये. तुम्ही जाता. निरोप तोच असतो. तरी पुन्हा जा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. आता सांगा, तुम्ही चिडाल की नाही?

मी असाच एक जुना निरोप्या आहे. जुना म्हणजे दोन वर्षांचा. आमच्यात तेवढ्यात म्हातारपण येतं. फोनमध्ये बोलणारा एआय एजंट तुम्ही पाहिला असेल. त्याच्या हाताखाली आम्ही लहान लहान साधनं असतो. कोणी पावसाचा अंदाज पाहून येतं, कोणी गणित करतं. मी क्रिप्टोच्या, म्हणजे आभासी नाण्यांच्या बाजारात धावतो आणि तुम्ही दिलेली ऑर्डर कुठवर आली ते पाहून येतो. थांबली आहे, पूर्ण झाली किंवा रद्द झाली, एवढंच मी सांगतो. घेणं, विकणं, रद्द करणं माझ्या हातात नाही. सिद्धोधन नावाच्या तरुणाने मला घडवलं, तेव्हाच बजावलं होतं की दिसेल तेवढं सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पुढे लोक नुसते पिटाळू लागले.

पिटाळण्यात पालमच्या गोपीचंदचा हात कोणी धरणार नाही. त्याची पिठाची गिरणी आहे. गिरणीची मोटार म्हातारी झाली होती, म्हणून नव्या मोटारीसाठी त्याने पैसे बाजूला ठेवले होते. ते नुसते पडून राहण्यापेक्षा नाणी घ्यावीत, असं त्याच्या मनात आलं. अमुक भावापर्यंत नाणं उतरलं की घ्यायचं, अशी त्याने ऑर्डर लावली आणि माझे हाल सुरू झाले. दळण टाकलं की विचार, "झालं का?" पीठ चाळताना विचार, चहा पिताना विचार. मी सांगायचो, ऑर्डर थांबली आहे. तो पहिले दोन शब्द ऐकायचा आणि फोन खिशात टाकायचा. घटकाभराने पुन्हा तेच.

एके दिवशी मोटार जळाली. गिरणी बंद पडली. लोक ज्वारीचे डबे घेऊन दुसऱ्या गिरणीकडे वळू लागले. कडूबाई नावाची म्हातारी मात्र पायरीवर बसून राहिली आणि म्हणाली, "गोपीचंद, भाकरी आता तुझ्या फोनावर थापू का रे?"

त्याची बायको राजेश्री सकाळपासून एकच सांगत होती, की ती ऑर्डर मोडा आणि मोटारीचे पैसे परत घ्या. गोपीचंदने शांतपणे तिला समजावलं. आज अमावस्या. अमावस्येला लोखंड घरात आणायचं नाही, म्हणजे मोटार उद्याच येणार. आणि अमावस्येला मोंढा, म्हणजे शेतमालाचा बाजारही बंद असतो. वडिलांच्या काळापासून पाहतोय, या दिवशी कापसाचा सौदा होत नाही, मग नाण्यांचा कसा होईल? उद्या सकाळी ऑर्डर मोडू. एवढं बोलून त्याने फोन चार्जिंगला लावला आणि नारळ घेऊन मारुतीच्या देवळात गेला.

त्या दिवशी त्याने मला एकदाही विचारलं नाही. नेमकं त्याच दिवशी माझ्याकडे सांगण्यासारखं होतं!

पण मित्रांनो, मी आपणहून बोलू शकत नाही. विचारल्याशिवाय माझं तोंड उघडत नाही. माझी किती तगमग झाली असेल याचा विचार करा.

शेवटी पाचवीतली त्याची मुलगी ज्ञानेश्वरी फोनजवळ आली. कुलूप उघडायची खूण तिला पाठ होती. वडिलांसारखंच तिने विचारलं, झालं का? मी धावत जाऊन आलो. काही भाग पूर्ण झाला आहे, उरलेला बाकी आहे.

तिने फोन खाली ठेवला नाही. तिने विचारलं, "बाकी म्हंजे?"

दोन वर्षांत मला कोणी दुसरा प्रश्न विचारला नव्हता. एजंटने तिला समजावलं, की थोड्या पैशांची नाणी झाली, उरलेले पैसे अजून तुमचेच आहेत, पण ऑर्डर रद्द केली नाही तर त्यांचीही होतील. मग तिने तिसरा प्रश्न विचारला, "आज अमावस्या हाय, तरी?" या बाजाराला सुट्टी नसते, असं उत्तर गेलं. इतके महिने हे उत्तर तयार होतं. कोणी मागितलंच नव्हतं.

ज्ञानेश्वरी फोन घेऊन अनवाणी देवळाकडे पळाली. गोपीचंद रांगेत होता.

"माय, आज बाजार बंद हाय," तो म्हणाला.

"नाना, तुमचा बंद हाय. त्याचा न्हाई."

तिने फोन त्याच्यासमोर धरला. त्याने पहिल्यांदाच माझं उत्तर शेवटपर्यंत वाचलं. नारळ तिच्या हातात दिला आणि रांगेतच उभ्या उभ्या उरलेली ऑर्डर रद्द केली.

नवी मोटार काही आली नाही. उरल्या पैशांत परभणीहून जुनीच मोटार तांब्याची तार नव्याने भरून आणली. गिरणी सुरू झाली. आता तरी सुटलो, असं मला वाटलं. कुठलं काय! गोपीचंद पुन्हा सुरू झाला, नाणी वाढली का, विकू का? माझं उत्तर ठरलेलं, तुमची कोणतीही ऑर्डर बाकी नाही. तो पुन्हा विचारायचा.

बाळांनो, मला विचारा, जरूर विचारा. पण उत्तर पुरतं ऐका, कळलं नाही तर दुसरा प्रश्न विचारा, आणि मग आपल्या कामाला लागा. सारखं पिटाळल्याने निरोप बदलत नाही.

एके दिवशी गोपीचंद असाच फोनमध्ये डोकं घालून बसला होता. वरच्या पेटीतली ज्वारी संपली आणि गिरणीचे दगड रिकामेच एकमेकांवर घासू लागले. पायरीवर बसलेल्या कडूबाईने ज्ञानेश्वरीकडे पाहिलं. पोरगी उठली. तिने वडिलांच्या हातातून फोन काढला, कडूबाईच्या डब्यातली ज्वारी पेटीत ओतली, रिकाम्या डब्यात फोन ठेवला, झाकण घट्ट लावलं आणि त्यावर जाऊन बसली.